रेंजफाइंडर कॅमेऱ्यातील एक्स्पोजर : ऑटो आणि मॅन्युअल

रस्त्यावरील छायाचित्रणात छिद्र (लेन्समधली उजेड आत येण्याची वाट) आणि शटरवेग (ती वाट किती वेळ उघडी राहते) छायाचित्रकाराने स्वतः ठरवायचे की त्यातला एक कॅमेऱ्यावर सोपवायचा, हा रेंजफाइंडर वापरणाऱ्यांमधला जुना वाद आहे. या कॅमेऱ्यात दृश्य लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून दिसते. लेन्सवर झाकण राहिले तरी खिडकीत सगळे लख्खच असते. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा एकूण उजेड, चुकले तर ते पाहून कळत नाही.

लायका या जर्मन कंपनीच्या १९५४ च्या एम३ कॅमेऱ्यात प्रकाशमापक नव्हता. उजेड डोळ्यांनी जोखायचा किंवा सुटा मापक वर बसवायचा. १९७१ च्या एम५ पासून लायका लेन्समधून येणारा प्रकाश मोजू लागला, आणि १९८४ च्या एम६ मध्ये एक्स्पोजर बरोबर आहे की नाही हे सांगणारे लाल दिवे खिडकीतच आले; पण छिद्र आणि शटरवेगाचे आकडे फिरवायचे ते हातानेच. एम मालिकेत ऑटोची सोय २००२ साली एम७ सोबत आली. जपानी कंपन्यांनी ती कितीतरी आधी दिली होती : १९६६ ची याशिका इलेक्ट्रो ३५ छिद्र ठरवून दिले की शटरवेग स्वतः निवडत असे.

ऑटोचे सगळे प्रकार रस्त्यावर सारखे उपयोगी नाहीत. इथे फोकस बहुधा अंतराच्या अंदाजाने आधीच लावून ठेवतात. ३५ मिमी लेन्स, एफ/८ (छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि फोकस ३ मीटरवर असेल, तर सुमारे २ ते ७ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. हा पट्टा छिद्रावर अवलंबून असतो, म्हणून छिद्र कायम ठेवणारा ऑटो सोयीचा. कॅनोनेट क्यूएल१७ सारख्या कॅमेऱ्यात उलटे आहे. तिथे शटरवेग आपण ठरवतो आणि छिद्र कॅमेरा बदलतो, त्यामुळे उजेड घटला की फोकसचा पट्टाही आक्रसतो.

मात्र छिद्र कायम ठेवण्याचाही फटका बसतो. मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावर दुपारचे ऊन आणि कमानींखालची सावली यांत सहज चार स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो), म्हणजे सोळापट, फरक पडू शकतो. ४०० आयएसओच्या (उजेडाला संवेदनशीलतेचे माप) फिल्मवर एफ/११ ठेवून उन्हात १/८०० सेकंदाच्या आसपास मिळणारा वेग कमानीखाली १/५० वर घसरतो आणि चालणारा माणूस चित्रात हललेला येतो. कॅमेरा काम बिनबोभाट करतो, म्हणूनच हे लवकर लक्षात येत नाही. मॅन्युअलवाला उन्हासाठी एक आणि सावलीसाठी एक अशा छिद्र-शटरवेगाच्या दोन जोड्या पाठ ठेवतो आणि रस्ता ओलांडतानाच रिंग फिरवतो. त्याचे काम फोटोच्या क्षणाआधी झालेले असते.

मापकाची दुसरी खोड म्हणजे समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम करडे धरून तो चालतो. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस मध्यभागी आला की चित्र काळवंडते, काळ्या छत्र्यांची गर्दी आली की फिकट होते. ऊन मात्र तेवढेच असते. एकाच गल्लीत लागोपाठ काढलेल्या चित्रांची घनता त्यामुळे कमीजास्त होते आणि डार्करूममध्ये प्रत्येक प्रिंटला वेगळा वेळ द्यावा लागतो. एम७ मध्ये शटरचे बटण अर्धे दाबून मोजणी धरून ठेवता येते. रस्त्याच्या डांबरावर मोजून मग माणसाकडे वळायचे. पण प्रत्येक फोटोला हे करणार असाल, तर ऑटोने वाचवलेला वेळ उरतोच कुठे?

रंगीत निगेटिव्ह फिल्म एखाद-दोन स्टॉप जास्तीचा उजेड पचवते, म्हणून ऑटोच्या चुका तिच्यावर फारशा जाणवत नाहीत. स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते. डिजिटल सेन्सरवर जळालेला पांढरा भाग परत येत नाही. तिथे ऑटो वापरणारे बहुधा थोडे कमीच एक्स्पोजर देतात.

भर उन्हात मॅन्युअल सरस ठरते, कारण उजेड तासन्तास फारसा हलत नाही. संध्याकाळी, दुकानांचे दिवे लागत असताना दर चार पावलांवर प्रकाश बदलतो; तेव्हा ऑटोला पर्याय नाही. फक्त ऑटो बॅटरीवर चालतो हे विसरू नये : एम७ ची बॅटरी संपली, तर हाताशी १/६० आणि १/१२५ हे दोनच वेग उरतात.