भोपळ्याने उडवलेला टवका

वर्षातला सगळ्यात लहान दिवस, जपानी लोकांची तोजी, डिसेंबरच्या 21 किंवा 22 तारखेला येतो. त्या दिवशी इथल्या घरांत काबोचा भोपळा शिजतो. दीड-दोन किलोचा, गडद हिरवा, आणि साल अशी की जणू लाकूडच. माझ्या सान्तोकू सुरीचा टवका याच भोपळ्याने उडवला. सुरी निम्म्यावर अडकली, मी मनगट वळवून ती सोडवायला गेलो आणि 'टिक' असा बारीक आवाज आला. पाहतो तर धारेत तांदळाच्या कणीएवढी खाच. वर्षभर टोमॅटो, कांदे, मुळे, कोंबडी निमूट कापणारी सुरी एका भाजीपुढे फुटावी?

सान्तोकू म्हणजे तीन गुण. मांस, मासे, भाज्या हे ते तीन, असा सर्वसाधारण अर्थ लावतात. नाव जुनेपुराणे वाटले तरी ही सुरी विसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे. जपानी राज्यकर्त्यांनी गोमांसावर शतकानुशतके बंधने घातली होती. 1872 मध्ये सम्राट मेइजींनी स्वतः ते खाल्ल्याचे जाहीर झाले आणि हळूहळू पाश्चात्त्य वळणाची टोकदार 'ग्यूतो' सुरी रुळली. भाजीसाठी आयताकृती 'नाकिरी' होतीच. दोन सुऱ्या बाळगण्यापेक्षा एकीत भागावे म्हणून नाकिरीची सपाट धार आणि ग्यूतोचा मांस कापायचा गुण एकत्र आले. पाते साधारण 16 ते 18 सेंटीमीटर, टोक खाली झुकलेले.

आता धारेकडे जवळून बघू. चांगली लावलेली धार टोकाशी एखाद-दोन मायक्रॉन जाड असते. माणसाचा केस 50 ते 100 मायक्रॉन. समजा, दोन सेंटीमीटर धार टोमॅटोला टेकली आहे आणि वरून एक किलोचा भार आहे. एक मायक्रॉन रुंदीवर हा भार वाटला, तर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पाच हजार पट होतो. टोमॅटोची साल त्याच्या कितीतरी आधीच हार मानते. धार बोथटली की तोच भार जास्त रुंदीवर पसरतो, मग साल आत दबते, टोमॅटो चेपतो, रस फळीवर.

नुसते दाबण्यापेक्षा ओढत कापले की जोर फार कमी लागतो, कारण सरकणारी धार साल आडवी ताणते आणि चीर लवकर पडते. आपल्या विळीत हे आपोआप घडते. तिचे पाते वाकडे असते, त्यामुळे भाजी पुढे ढकलली की ती धारेवरून घसरतही जाते. सान्तोकूची धार जवळजवळ सरळ आहे, म्हणून ते घसरणे हाताने द्यावे लागते: पुढे ढकलत खाली. पण या सरळपणाचा फायदा थंडीत कळतो. मुळ्याचे काप करताना अख्खी धार एकदम फळीला टेकते. गोल पोटाच्या सुरीने घाईत कापले की कांद्याच्या पातीच्या चकत्या तळाशी जोडलेल्याच राहतात आणि उचलल्यावर माळच हातात येते. ती भानगड इथे नाही.

कांद्याचेही तसेच. पेशी फुटल्या की विकरांची (एन्झाइमची) साखळी चालू होते आणि डोळे झोंबवणारा वायू तयार होतो. त्या साखळीतले शेवटचे विकर 2002 मध्ये एका जपानी खाद्यकंपनीच्या संशोधकांनी शोधले, आणि त्याबद्दल त्यांना 2013 चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे बक्षीस, मिळाले. पुढे 2025 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कांदा कापतानाचे वेगवान चित्रण झाले. बोथट सुरीखाली कांद्याचा पापुद्रा आधी वाकतो, आत दाब साठतो आणि फुटताना रसाचे थेंब जोरात उडतात. धारदार सुरी हळू चालवली तर थेंब कमी. रडू आले तर दोष निम्मा कांद्याचा, निम्मा आपला.

मग भोपळा? लोहार हत्याराला पाणी देतो तेव्हा लालबुंद पोलाद अचानक थंड होते, कार्बनचे अणू लोखंडाच्या रचनेत अडकून पडतात आणि पोलाद कठीण होते. पण कठीण ते ठिसूळही. कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मापावर बऱ्याच जपानी सुऱ्या 60 च्या आसपास, तर नेहमीच्या जर्मन सुऱ्या 56 च्या आसपास भरतात. शिवाय सान्तोकूची धार बहुधा दोन्ही बाजूंनी 15 अंशांची, म्हणजे पातळ. सरळ दाब ती मजेत सोसते, आडवा नाही. भोपळ्यात पाते पाचरीसारखे रुतते, दोन्ही फोडी त्याला घट्ट आवळतात, आणि मनगट वळवले की सगळा जोर धारेच्या कडेवर आडवा पडतो.

नरम वस्तूने पोलाद फुटते हे 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाढीच्या पात्यावर दाखवले. केस त्या पोलादाच्या पन्नासपट नरम, तरी धारेपाशी वाकून टवका काढतो. माझा भोपळा तर केसापेक्षा बराच दांडगा. इथले शहाणे लोक तो आधी दोन-तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. पेशी चिकटवून धरणारे पेक्टिन सैल होते आणि सुरी सरळ उतरते.

जून-जुलैच्या पावसात काळजी वेगळी. निव्वळ कार्बन पोलादाची सुरी ओली राहिली तर तासाभरात तांबूस ठिपके धरते. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याचा ऑक्साइड पातळ पापुद्रा होऊन खालचे लोखंड झाकतो. तरी लिंबाचा रस लागला की धुऊन पुसावीच. काचेच्या फळीबद्दल तर बोलूच नये.

खाच घालवायला मी हजार नंबरचा ओला दगड घेतला. चूक झाली, असल्या कामाला आधी भरड दगड लागतो. खाच भरून येत नाही; तिच्या खोलीएवढी सगळी धार मागे न्यावी लागते. अर्धा तास घासल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागली. तीच खूण, की पोलाद टोकापर्यंत झिजले. मग सुरी उलटून ती कड काढायची. खाच बरीचशी गेली. मुठीजवळ अजून थोडी आहे, आणि पात चिरताना नेमका तिथला एक हिरवा धागा न तुटता लोंबत राहतो.