निर्वाचकगण (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांचा समूह. मराठी वृत्तपत्रांत ‘इलेक्टोरल कॉलेज’ हाच शब्द रुळला आहे. मूळ संविधानात मात्र ‘कॉलेज’ हा शब्द नाही, फक्त निर्वाचकांचा उल्लेख आहे. आणि हे निर्वाचक देशभरातून एका ठिकाणी कधी जमतही नाहीत. डिसेंबरात प्रत्येक राज्याचे निर्वाचक आपल्याच राज्यात भेटतात, मते नोंदवतात आणि सह्यांचे दाखले मोहोरबंद करून वॉशिंग्टनला पाठवतात. ६ जानेवारीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांच्या (प्रतिनिधिगृह व सीनेट) संयुक्त बैठकीत ते उघडले जातात.

निर्वाचकांची संख्या ५३८ असून बहुमताला २७० मते लागतात. राज्याला प्रतिनिधिगृहात जितक्या जागा, त्यात सीनेटच्या दोन मिळवून त्याचा वाटा ठरतो. राजधानीच्या जिल्ह्याला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने ३ मते मिळाली. मेन आणि नेब्रास्का वगळता सर्वत्र राज्यात आघाडी घेणाऱ्याला तेथील सगळी मते मिळतात. सीनेटच्या दोन जागांमुळे लहान राज्यांचे पारडे जड होते. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३० हजारांमागे एक. भारताच्या राष्ट्रपतीची निवडही अप्रत्यक्षच आहे (अनुच्छेद ५४ व ५५), पण तेथे आमदार-खासदार मत देतात आणि आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवर बेतलेले असते (महाराष्ट्र १७५, गोवा २०). नावातल्या साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते, ती टाळावी.

उगमाचा वाद : संविधान तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात अध्यक्ष काँग्रेसने निवडावा, राज्यांनी की थेट जनतेने, यावर अनेक आठवडे खल झाला. निर्वाचकांची योजना अकरा सदस्यांच्या समितीने ४ सप्टेंबरच्या सुमारास मांडली, म्हणजे अधिवेशन संपायला दोन आठवडेही उरले नव्हते. तिच्यामागचा हेतू कोणता, यावर एकमत नाही. मोठ्या देशात सामान्य मतदाराला दूरच्या उमेदवाराची पारख होणार नाही, म्हणून जाणत्यांनी निवड करावी, हे अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे समर्थन शालेय पुस्तकांतून पसरले. अखिल अमर आदी अभ्यासक गुलामगिरीकडे बोट दाखवतात. जेम्स मॅडिसन यांनी १९ जुलैच्या भाषणात थेट निवडणूक तत्त्वतः योग्य मानली. पण दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोकसंख्येला मताधिकार नसल्याने अशा निवडणुकीत दक्षिणेचा प्रभाव उरणार नाही, ही अडचणही तेथेच सांगितली. निर्वाचकसंख्या प्रतिनिधिगृहाशी जोडल्यावर गुलामांचा तीन-पंचमांश हिशेब (जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे) आपोआप आत आला. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया व पेनसिल्व्हेनियाच्या मुक्त लोकसंख्येत फारसे अंतर नव्हते. तरी १८०० मध्ये पहिल्याला २१ आणि दुसऱ्याला १५ मते होती. इतिहासकार शॉन विलेंट्झ यांनी पूर्वी गुलामगिरीविषयीचे हेच मत मांडले होते, पुढे ते बदलले. गुलामगिरी हे पद्धतीचे कारण नव्हते, असे ते आता म्हणतात. अधिवेशनाच्या टिपणांवरून हेतू एकच होता असे ठरवता येत नाही. फायदा कोणाला झाला, हे मात्र आकड्यांवरून दिसते.

मते कोणी मोजायची : सुरुवातीला प्रत्येक निर्वाचक अध्यक्ष-उपाध्यक्ष असा भेद न करता दोन मते देई. १८०० मध्ये थॉमस जेफर्सन व ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहाने छत्तिसाव्या फेरीत जेफर्सनना निवडले. त्यातून १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली व अध्यक्ष-उपाध्यक्षांची मते वेगळी झाली. एक जुने वाक्य तिने जवळपास तसेच ठेवले : सीनेटच्या अध्यक्षाने (म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाने) सर्व दाखले उघडावेत ‘आणि नंतर मते मोजली जातील’. प्रयोग कर्मणी आहे आणि कर्ता गाळलेला आहे. एका राज्यातून दोन दाखले आले तर खरा कोणता हे कोणी ठरवायचे, याचे उत्तर या वाक्यात नाही. पुढचे बहुतेक मोठे तंटे या रिकाम्या जागेत घडले.

सर्वांत गंभीर प्रसंग १८७६ चा. डेमोक्रॅट सॅम्युएल टिल्डन यांना जनतेची सुमारे अडीच लाख मते अधिक होती आणि १८४ निर्वाचक निर्विवाद होते. म्हणजे बहुमताला एकच कमी. रिपब्लिकन रदरफर्ड हेज यांच्याकडे १६५ होते. उरलेली २० वादग्रस्त होती : लुइझियाना ८, दक्षिण कॅरोलायना ७, फ्लोरिडा ४, ओरेगन १. फ्लोरिडातून तर तीन दाखले आले. ओरेगनचा तंटा इतकाच की, एक रिपब्लिकन निर्वाचक पोस्टमास्तर होता. संघराज्याच्या नोकराला निर्वाचक होता येत नाही, या नियमावर बोट ठेवून डेमोक्रॅट गव्हर्नरने त्याच्या जागी आपला माणूस बसवला. दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदारांना दहशतीने केंद्रापासून दूर ठेवले गेले, आणि रिपब्लिकनांच्या हातातील मोजणी मंडळांनी डेमोक्रॅटांची हजारो मते बाद केली. त्यामुळे ‘खरा’ निकाल आज काढणे जवळपास अशक्य आहे.

काँग्रेसने जानेवारी १८७७ मध्ये पंधरा जणांचा आयोग नेमला : पाच सीनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. पाचवे न्यायमूर्ती म्हणून अपक्ष वृत्तीचे डेव्हिड डेव्हिस अपेक्षित होते. पण इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना त्याच सुमारास सीनेटवर निवडले आणि ते बाजूला झाले. त्यांच्या जागी जोसेफ ब्रॅडली आले. वादग्रस्त राज्यांचे निर्णय ८ विरुद्ध ७ असे पक्षनिहाय लागले; २ मार्चच्या पहाटे हेज १८५–१८४ ने निवडून आले. यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेले संघराज्याचे सैन्य काढून घेण्याच्या बदल्यात डेमोक्रॅटांनी निकाल स्वीकारला, हा ‘१८७७ चा समझोता’. इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९५१ मध्ये त्याला रेल्वेच्या हितसंबंधांची जोड दिली. नंतरच्या संशोधकांनी ठोस सौद्यापेक्षा सैल समजुतीकडे कल दाखवला, आणि तो अधिक पटतो. काहीही असले तरी किंमत दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी मोजली.

दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, मतमोजणीचा कायदा झाला. त्याची वाक्ये लांब व गुंतागुंतीची असूनही तो १३५ वर्षे टिकला, कारण कसोटीचे प्रसंग विरळ होते. असा एक १९६१ चा : हवाईत आधी निक्सन विजयी ठरले होते, फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे गेले. मोजणीच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष म्हणून खुद्द निक्सन होते. हा पायंडा समजू नये असे सांगून त्यांनी केनेडींची मते धरली.

अलीकडील अविश्वास : १८२४, १८७६, १८८८, २००० व २०१६ या पाच निवडणुकांत जनतेची अधिक मते मिळवणारा उमेदवार हरला. २००० मध्ये फ्लोरिडात फरक अवघ्या ५३७ मतांचा होता. तेथे छिद्र पाडायच्या मतपत्रिका होत्या. ठोकलेला कागदाचा तुकडा पूर्ण न सुटता लोंबकळत राहिला तर ते मत धरायचे का, हे ठरवण्यासाठी अधिकारी भिंगातून मतपत्रिका न्याहाळत बसले. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली.

२०२० चे प्रकरण वेगळे. बायडन यांना जनतेचीही सुमारे ७० लाख मते अधिक होती व निर्वाचक ३०६–२३२ होते. गैरव्यवहाराच्या आरोपांवरील साठांहून अधिक दावे जवळपास सगळे फेटाळले गेले. तरी सात राज्यांत पराभूत पक्षाच्या लोकांनी स्वतःला निर्वाचक म्हणवून समांतर दाखले तयार केले. उपाध्यक्ष पेन्स यांनी ते धरून खरे दाखले बाजूला ठेवावेत, असा दबाव आला. १८०४ च्या त्या वाक्याचा हा सर्वांत ताणलेला अर्थ म्हणावा लागेल. पेन्स यांनी नकार दिला. ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव कॅपिटॉलमध्ये (संसद भवनात) घुसला तेव्हा सीनेटच्या कर्मचाऱ्यांनी दाखल्यांच्या लाकडी पेट्या उचलून सुरक्षित जागी नेल्या. मोजणी दुसऱ्या दिवशी पहाटे संपली.

२०२२ च्या सुधारित कायद्याने उपाध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले. पूर्वी प्रत्येक सभागृहातील एका सदस्याच्या सहीने आक्षेप घेता येई. आता दोन्हींत एक-पंचमांश सदस्य लागतात.

पर्यायांचे प्रयत्न : थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३३८–७० ने मंजूर केली, पुढील वर्षी ती सीनेटमध्ये अडली. २००७ मध्ये मेरीलँडपासून सुरू झालेल्या आंतरराज्य करारात सहभागी राज्ये आपले निर्वाचक देशभरात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला देण्याचे मान्य करतात. एप्रिल २०२४ मध्ये मेन सामील झाल्यावर कराराची बेरीज २०९ झाली. ती २७० होईपर्यंत तो लागू होत नाही. अशा कराराला काँग्रेसची संमती लागते का, हा प्रश्न वादग्रस्त आहे.