मनसर फाटा आणि दोन पेंच

नागपूरहून जबलपूर रोडने निघालं की मनसरला उजवीकडे रामटेकचा फाटा लागतो. सरळ गेलं तर देवलापार आणि पुढे सीमेपलीकडचं, मध्य प्रदेशातलं खवासा. नागपूर जिल्ह्याच्या पर्यटनाचा विषय निघाला की याच पट्ट्याचं नाव येतं. 'सकाळी पेंचच्या जंगलात सफारी, दुपारी रामटेक' ही कल्पनाही जुनीच.

रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. रामटेकच्या गडावरची नरसिंहाची देवळं त्याच काळातली, तर रामाच्या देवळाचा जीर्णोद्धार भोसल्यांनी केलेला. मनसरच्या टेकडीवर १९९०च्या दशकाअखेरीस उत्खनन सुरू झालं आणि विटांची मोठी बांधकामं उघडी पडली. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच की छत्तीसगडातला रामगढ, हा वाद अभ्यासकांचा. गडावर जाणाऱ्याला हातातलं नारळ वानरांपासून वाचवायची चिंता जास्त.

खरा गुंता 'पेंच' या शब्दाचा आहे. नदी एक, जंगल सलग, पण राज्यं दोन. महाराष्ट्राच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान झालं १९७५ साली, मध्य प्रदेशात १९८३ साली. व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मात्र तिकडे आधी, १९९२ मध्ये मिळाला. आपल्याकडे तो यायला १९९९ उजाडलं. उद्यानांची अधिकृत नावंही गमतीची: इकडे वडिलांचं, पंडित नेहरूंचं, तिकडे मुलीचं, इंदिरा प्रियदर्शिनींचं. बोलताना दोन्हीकडे नुसतं 'पेंच'. मधल्या सात वर्षांत पेंच म्हणजे सिवनीकडचा तुरिया गेट, हे पर्यटकांच्या डोक्यात बसलं, आणि 'मोगलीचा प्रदेश' ही जाहिरातही तिकडचीच. आपले सिल्लारी, खुर्सापार, कोलितमारा हे गेट मागेच राहिले. बुकिंगची व्यवस्था आजही दोन्ही राज्यांची वेगवेगळी. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने हौसेने तुरियाचं बुकिंग केलं आणि पहाटे आम्ही सगळे सिल्लारीच्या गेटवर उभे! सफारी गेली, वर बायकोची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

पेंच नदीवरच्या तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारी बंद करून तिथली वस्ती उठवली, तो विषय अजून दुखरा आहे. पर्यटनाच्या आराखड्यांत त्याला ओळभरही जागा मिळत नाही, हे बरोबर नाही.

२०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं. तिथल्या 'जय' वाघाने गर्दी खेचली. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला आणि गर्दीही ओसरली. एका वाघाच्या भरवशावर रिसॉर्ट बांधलेल्यांची गणितं तेव्हा चुकली. जबलपूर रोड चौपदरी करताना जंगलाचा मुद्दा कोर्टात गेला आणि जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवाव्या लागल्या. त्यातली आपल्या बाजूची सर्वांत लांब ७५० मीटरची. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या बाजूचं पेंच देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेली जागा, ठरलं. निदान हा मान तरी इकडच्या पेंचचा, तुरियाचा नाही.

रामटेकला मात्र मुक्कामाला कुणी थांबत नाही. दर्शन, अंबाळा तलाव, फार तर खिंडसी तलावातली बोट, आणि जेवायला परत नागपूर.