‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’: बंदरातल्या एका कागदाची गोष्ट

एखादा क्रिकेटपटू दुखापतीतून सावरला, की इंग्रजी बातमीत हमखास येतं: डॉक्टरांनी ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’ दिलं. त्यातल्या ‘बिला’चा दवाखान्याच्या बिलाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘बुल्ला’ म्हणजे शिक्का, म्हणून शिक्का मारलेला कागद तो बिल. आणि हा कागद निघायचा जहाजाच्या नावानं. (आपल्या बातम्यांतल्या ‘क्लीन चिट’मधली चिट मात्र आपलीच, इंग्रजांनी इथली चिठ्ठी उचलली.)

चौदाव्या शतकात प्लेगनं युरोप उजाड केला, तशी भूमध्य समुद्रातली बंदरं सावध झाली. १३७७ मध्ये रागुसानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनं, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर ठेवायचं ठरवलं. पुढे तिसाचे चाळीस झाले. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे ‘क्वारांता’, त्यावरून क्वारंटाइन. या बंदोबस्तातूनच कागदाची पद्धत रुजली. जहाज सुटताना बंदराचे अधिकारी लिहून देत. गावात साथ नसेल तर कागद स्वच्छ, शंका असेल तर संशयित, साथ असेल तर दूषित. पुढच्या बंदरात तो कागद सहसा कोणी थेट हातात घेत नसे. लांब चिमट्यानं धरायचा, व्हिनेगरमध्ये बुडवायचा नाहीतर धुरी द्यायची, मग वाचायचा.

पण कागद बोलायचा तो मागे राहिलेल्या बंदराबद्दल. जहाजावरच्या माणसांबद्दल नाही. याची किंमत फ्रान्समधल्या मार्से बंदरानं १७२० मध्ये मोजली. ‘ग्राँ सँताँत्वान’ नावाचं जहाज आजच्या लेबनॉनमधल्या सिदोनहून निघालं, तेव्हा त्याच्याकडे स्वच्छ कागद होता. वाटेत खलाशी मेले, जहाजावरचा डॉक्टरही मेला. तरीही मार्सेला पोचल्यावर कापड आणि कापसाचे गठ्ठे उतरवले गेले, कारण जुलैतल्या मोठ्या जत्रेसाठी व्यापाऱ्यांना माल हवा होता. सुमारे ९० हजार वस्तीच्या त्या शहरातली जवळपास निम्मी माणसं प्लेगनं गेली. हा वाक्प्रचार कानावर पडला की मला ते गठ्ठे आठवतात.

मुंबईनंही हा संशय सोसला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्या साथीचा धसका असा, की मुंबईचा प्लेग युरोपात शिरू नये म्हणून १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

तब्येतीचे बाकीचे इंग्रजी वाक्प्रचारही असेच दुसऱ्या घरून आलेले. ‘फिट अ‍ॅज अ फिडल’ १६१६ च्या एका छापील नाटकात सापडतो. तेव्हा ‘फिट’चा अर्थ होता योग्य, चपखल; धडधाकट हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला. ‘इन द पिंक’ म्हटलं की गुलाबी गाल डोळ्यांसमोर येतात, पण ‘पिंक’ हे आधी कातरलेल्या पाकळ्यांच्या एका फुलाचं नाव, रंगाला ते नंतर मिळालं. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला मर्क्युशिओ स्वतःला ‘पिंक ऑफ कर्टसी’ म्हणवतो, म्हणजे सौजन्याचा अगदी कळस. तोच कळस विसाव्या शतकात तब्येतीला लागला.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘साउंड अ‍ॅज अ बेल’. यातला ‘साउंड’ म्हणजे निरोगी. आवाजाच्या ‘साउंड’शी त्याचं नातं नाही, तो जुन्या जर्मानिक शब्दातून आलाय, जर्मनमध्ये आजही निरोगी माणूस ‘गेझुंट’ असतो. तडा नसलेली घंटा खणखणीत वाजते, म्हणून दोन्ही ‘साउंड’ एकत्र नांदले. मराठीला अशी जुळणी करावी लागली नाही. आपल्या ‘ठणठणीत’मध्ये नादच आहे. उन्हाळ्यात माठ घेताना आई बोटाच्या पेरानं तो वाजवून बघायची. ठण्ण वाजला तर घरी यायचा, बद्द वाजला तर तिथेच परत ठेवायची.