मोनेचा मोतीबिंदू

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा फ्रेंच चित्रकार क्लोद मोने ट्यूबवरची लेबलं वाचून रंग निवडत होता. पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरलेली, ती चुकूनही बदलायची नाही. लाल गढूळ दिसतो, गुलाबी फिका वाटतो, चित्र दिवसेंदिवस काळवंडत चाललंय, अशी त्याची तक्रार होती. उजेडाचे बारकावे टिपण्यात सगळी हयात घातलेल्या माणसावर, सत्तरी उलटल्यावर, ही पाळी आली. रंगांचा काही दोष नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

या मोतीबिंदूबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं फाजील आहे. ‘मोनेला नीट दिसत नव्हतं, म्हणून त्याची चित्रं धूसर’ हे विधान तर हमखास ऐकू येतं. मग तारखा पाहा. ज्या चित्रावरून मोने आणि त्याच्या सोबतीच्या चित्रकारांना इम्प्रेशनिस्ट हे नाव पडलं ते ‘इम्प्रेशन, सनराइज’ १८७२ सालचं, मोने तेव्हा बत्तिशीच्या आतबाहेरचा. मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ मध्ये. मध्ये चाळीस वर्षं गेली.

१८४० मध्ये पॅरिसला जन्मलेला मोने वाढला ल आव्र या बंदरात. पोरवयातच तो गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून पैसे कमवत होता. ती पाहून यूजेन बूदँ या चित्रकाराने त्याला समुद्रकिनारी नेलं आणि उघड्यावर बसून निसर्ग रंगवायला शिकवलं. हे जमलं त्यात एका साध्या वस्तूचा मोठा हात होता: पिळून रंग काढायची पत्र्याची ट्यूब. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. ती फुटायची, गळायची, रंग सुकायचा. असलं लटांबर घेऊन शेतात कोण जाणार?

‘सनराइज’मधला नारिंगी सूर्य मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला की सूर्य जवळपास गायब होतो. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचं कारण सांगितलंय. सूर्याचा आणि भोवतालच्या करड्या आकाशाचा रंग वेगळा असला तरी उजळपणा जवळजवळ सारखाच आहे. आपल्या मेंदूत ‘वस्तू कोणती’ आणि ‘ती कुठे आहे, हलते का’ या दोन गोष्टींचं काम बऱ्याच अंशी वेगवेगळ्या यंत्रणा पाहतात. दुसरी यंत्रणा रंगांच्या बाबतीत आंधळी, तिला फक्त उजळ-गडद कळतं. म्हणून पहिलीला तो सूर्य ठसठशीत दिसतो, दुसरीला त्याचा ठावठिकाणाच लागत नाही. चित्रापुढे उभं राहिलं की सूर्य थरथरल्यासारखा वाटतो तो यामुळे. टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी सूर्याची जागा, भरती-ओहोटी आणि हवामानाच्या जुन्या नोंदी ताडून या चित्राची बहुधा बरोबर असलेली वेळसुद्धा काढली आहे: १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साडेसातच्या सुमारास. इतकं नेमकं पाहणाऱ्या डोळ्याला अधू म्हणणं धाडसाचंच.

१८८३ मध्ये तो झिव्हर्नी या फ्रान्समधल्या खेड्यात राहायला आला. गवताच्या गंजी, रुआँचं कॅथेड्रल, असा एकच विषय घेऊन तो कितीतरी कॅनव्हास शेजारी शेजारी मांडायचा आणि उजेड बदलला की पुढचा ओढायचा. लंडनला तर तो धुक्यासाठीच जाई. वेस्टमिन्स्टरचं पार्लमेंट त्याने रंगवलं ते थेम्स नदीच्या पलीकडच्या काठावरच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या गच्चीवरून. ते धुकं निव्वळ धुकं नव्हतं, लाखो घरांतल्या कोळशाचा धूर त्यात मिसळलेला असे. हवेतले बारीक कण उजेड विखुरतात, दूरच्या वस्तूंच्या कडा विरतात आणि सगळ्यावर पांढुरकी झाक येते. इंग्लिश चित्रकार टर्नर आणि मोने यांची चित्रं संगणकावर मोजून दोन हवामान-संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की हवेतलं गंधकाचं प्रदूषण जसं वाढलं तशी चित्रांतली धूसरताही वाढत गेली. इथेही मोने समोर दिसलं तेच रंगवत होता.

आता मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग प्रथिनांचं बनलेलं असतं आणि ती प्रथिनं जन्मभर तीच राहतात. वय वाढतं तशी त्यांची गुठळी व्हायला लागते. भिंग आधी पिवळसर, मग तपकिरी होत जातं, शेवटी कोऱ्या चहातून पाहिल्यासारखं जग दिसतं. पिवळट भिंग सगळ्यात जास्त अडवतं ते जांभळा आणि निळा उजेड.

इथे एक चलाख प्रश्न उभा राहतो. मोनेला त्याच्या बागेतलं तळं पिवळट दिसत असेल, तर कॅनव्हासवरचा रंगही त्याच डोळ्यांना पिवळटच दिसणार. दोन्ही सारखे दिसेपर्यंत तो रंग जुळवत राहिला, तर चित्र आपल्याला बरोबरच दिसायला हवं. मग १९१८ ते १९२४ च्या दरम्यान त्याने रंगवलेले त्या तळ्यावरचे जपानी पूल असे पेटलेले, लालबुंद-तपकिरी का?

मला यातला कळीचा मुद्दा असा वाटतो: भिंग उजेडावर नुसती झाक चढवत नाही, माहिती खाऊन टाकतं. निळा उजेड आतपर्यंत पोचलाच नाही, तर गडद निळा, काळा आणि गडद तपकिरी यांत फरकच उरत नाही. मग जुळवायचं कशाशी? हाताला सापडला तो रंग ‘बरोबर’च वाटणार, चूक पकडायला डोळाच शिल्लक नाही. म्हणून तर ती लेबलं. जोडीला नजरही मंदावलेली. १९२२ मध्ये उजव्या डोळ्याला जेमतेम उजेड कळत होता आणि डावा ६/६० वर आला होता. म्हणजे धडधाकट माणसाला साठ मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवर यावं लागे.

शस्त्रक्रियेला तो दहा वर्षं टाळत होता, आणि त्याची भीती अनाठायी नव्हती. चित्रकार मेरी कॅसॅटच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया फसल्याचं त्याला ठाऊक होतं. अखेर त्याचा जिवलग दोस्त, फ्रान्सचा माजी पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो, त्याच्या मागे लागला. क्लेमांसो स्वतः शिकलेला डॉक्टर होता. १९२३ च्या जानेवारीत शार्ल कूतेला यांनी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू दोन टप्प्यांत काढला. नंतर कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून हालचाल न करता पडून राहायचं होतं, आणि हा पेशंट मुलखाचा हट्टी. जुलैत पुन्हा एकदा डोळा उघडावा लागला.

तेव्हा भिंग काढायचे, पण त्या जागी दुसरं बसवायची सोय नव्हती. जाड काचेचा चष्मा लागायचा आणि त्यातून सगळं जवळपास पाव पटीने मोठं दिसायचं. एक डोळा भिंगाविना, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. अशा दोन प्रतिमा मेंदूला एकत्र करता येत नाहीत, म्हणून मोने डावा डोळा झाकून ठेवी. रंगांची निराळीच रड. भिंग गेल्याने निळा उजेड एकदम आत घुसला, तर मेंदूला इतकी वर्षं पिवळ्याची सवय. कधी सगळं पिवळं, कधी सगळं निळं. त्याने कूतेलांना संतापून पत्रं लिहिली. मधल्या काळात काढलेली काही चित्रं पाहून तो हादरला आणि बरीच त्याने नष्ट केली. भिंग नसलेल्या डोळ्याला अतिनील उजेडही थोडाफार जाणवतो, त्यामुळे मोनेला तो दिसू लागला अशी एक लोकप्रिय कथा आहे. त्याच्या चित्रांतून ती सिद्ध कशी करणार, हे मात्र कुणी सांगत नाही.

रंगीत काचांचे चष्मे बदलता बदलता १९२५ पर्यंत नजर बसली आणि तो तळ्यातल्या कमळांच्या भल्यामोठ्या चित्रांकडे पुन्हा वळला. डाव्या डोळ्याला त्याने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. ५ डिसेंबर १९२६ ला तो गेला आणि पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ओरांजरी या संग्रहालयात ती चित्रं लोकांसाठी खुली झाली. स्टॅनफर्डचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मर यांनी लक्ष वेधलंय ते याच गोष्टीकडे. डोळा सुधारल्यावर मोने पेटलेल्या पुलांच्या वाटेने पुढे गेला नाही, मोतीबिंदूच्या आधीच्या रंगांकडे परतला. म्हणजे ती लाली त्याने हौसेने घातलेली नसावी.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची पहिली शस्त्रक्रिया हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केली, लंडनच्या त्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात. आणखी सहाच वर्षांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मोनेच्या उत्तरकाळातलं कमळांचं एक प्रचंड चित्र विकत घेतलं. तिथले अमूर्त चित्रं काढणारे तरुण चित्रकार या उतारवयातल्या चित्रांवर, पुलांसकट, फिदा झाले. त्यांना मोतीबिंदूशी काही देणंघेणं नव्हतं.