तुटलेल्या जोडाक्षराची तक्रार करताना फोटोऐवजी दोन ओळींची फाइल पाठवावी

आमच्याकडून लिबरऑफिस (कागदपत्रे तयार करण्याचा मुक्तस्रोत सॉफ्टवेअर-संच) बसवून घेतलेल्या नाशिकमधील छापखान्यांकडून, पतसंस्थांकडून आणि शाळांकडून सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे "अक्षर फुटले". तिच्यासोबत बहुधा पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा पीडीएफ येते. या दोन्हींवरून दोष शोधता येत नाही आणि मूळ फाइल मागवण्यातच तुमचे दोन दिवस जातात.

"आचाऱ्यांना" हा शब्द घ्या. त्यातील ऱ्य दोन प्रकारे टंकलिखित होतो: नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य असा, किंवा साधा र, हलन्त, त्यापुढे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह आणि य असा. हे जोडचिन्ह गळाले की रफार तयार होतो आणि स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजन येतात. ते चिन्ह फाइलीत होते की नव्हते, हे फोटोत कधीच दिसत नाही. पीडीएफमध्ये तर प्रामुख्याने जुळणी होऊन गेलेली अक्षरचित्रेच असतात. ती जुळण्यापूर्वीचा मजकूर त्यातून खात्रीने परत मिळत नाही.

लिबरऑफिस जोडाक्षरे स्वतः जुळवत नाही. मजकूर, त्या मजकुराची भाषा आणि फॉन्ट या तीन गोष्टी ते हार्फबझ या मुक्तस्रोत लायब्ररीच्या, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या, हवाली करते. कोणते अक्षरचित्र कुठे बसेल, हे फॉन्टमधील नियम वाचून हार्फबझ ठरवते आणि पडद्यावर उमटवण्याचे काम पुन्हा लिबरऑफिसकडे येते. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर हीच व्यवस्था आहे. त्यामुळे दोष चार ठिकाणी असू शकतो: टंकलेखनात, फॉन्टमध्ये, लायब्ररीत किंवा लिबरऑफिसमध्ये.

तुमची फाइल हाती आली की तोच मजकूर आणि तोच फॉन्ट आम्ही हार्फबझच्या एचबी-शेप या साधनाला थेट देतो. तेथे जुळणी बरोबर आली, तर तक्रार लिबरऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, जाते. तेथेही चुकली, तर दुसरा युनिकोड फॉन्ट लावून पाहतो. त्यात अक्षर नीट आले तर संशय पहिल्या फॉन्टवर जातो आणि त्याच्या निर्मात्याला कळवतो. एवढे करूनही चूक उरली, तरच हार्फबझकडे जातो. काही ग्राहकांना हा उशीर वाटतो, पण चुकीच्या दारात टाकलेली तक्रार "आमच्याकडचा दोष नाही" या उत्तरासह परत येते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. त्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांचा वेळही आम्हाला मोलाचा वाटतो.

ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात, ही तक्रार मात्र बहुतेक वेळा दोषाची नसते. मजकुराची भाषा हिंदी ठेवलेली असेल, तर लायब्ररीला तसेच कळवले जाते आणि फॉन्टमध्ये मराठी वळण असूनही ते निवडले जात नाही. भाषा मराठी करून एकदा पाहावे.

फाइल पाठवताना बिघडलेल्या दोनच ओळी नव्या ओडीटी (लिबरऑफिसच्या स्वतःच्या प्रकारच्या) फाइलीत चिकटवाव्यात आणि चूक तेथेही दिसते याची खात्री करावी; सभासदांची नावे किंवा पूर्ण अहवाल आम्हाला नको. फॉन्टची फाइल सोबत जोडावी. मदत मेनूतील "अबाउट लिबरऑफिस" या खिडकीत आवृत्तीची माहिती नकलून घेण्याचे बटण आहे, ती माहितीही चिकटवावी. मजकूर ईमेलच्या किंवा व्हॉट्सॲपच्या संदेशात टाकू नये, कारण वाटेत अदृश्य चिन्हे गळण्याची शक्यता असते.

वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांसाठी इंग्रजीत तक्रार लिहिणे, तिचा पाठपुरावा करणे आणि दुरुस्त आवृत्ती आल्यावर ती बसवून देणे, या कामांचे वेगळे शुल्क घेतले जात नाही. छपाई खोळंबली असेल तर फाइलीसोबत तसे कळवावे, म्हणजे आधी पर्यायी फॉन्ट सुचवून काम पुढे नेता येईल.