साक्ष देणं पाळकाचंच काम, हे कधीपासून?

मागच्या वेचणीच्या टायमाची गोष्ट आहे, यवतमाळकडे एका वावरात आमच्या मंडळीतल्या एक मावशी कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या अन शेजारच्या तासातल्या बाईला घरच्याची दारू कशी सुटली ते सांगत होत्या, प्रार्थना कोणी केली, येशूचं नाव पहिल्यांदा कुठं ऐकलं, सगळं. मी नंतर म्हटलं मावशी तुम्ही तर मस्त साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगितलं. तर म्हणे, "साक्ष-बिक्ष मले नाही येत बाप्पा, ते पाळक सर देतात." (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू.)

हे डोक्यात बसलं. कारण सुरुवात तर उलटीच होती. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ८ काढा, स्तेफनाला दगडमार झाल्यावर यरुशलेमात छळ सुरू झाला, प्रेषित तिथंच राहिले अन बाकीचे पांगले, आणि वचन सांगत फिरले ते हे पांगलेले लोक. ११ व्या अध्यायात ते अंत्युखियाला जाऊन ग्रीक लोकांना सांगतात, अन नाव एकाचंही दिलेलं नाही.

पुढे चर्च मोठं झालं अन सांगणारे वेगळे, ऐकणारे वेगळे झाले. १५२० मध्ये जर्मनीतल्या धर्मसुधारक मार्टिन लूथरने लिहिलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण याजकच, पण ते बरंचसं कागदावरच राहिलं. कॅथलिकांकडे तर सामान्य लोकांच्या प्रेषितकार्यावर (म्हणजे सुवार्तेच्या कामावर) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा वेगळा दस्तऐवज यायला १८ नोव्हेंबर १९६५ उजाडलं!

आपल्याकडे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ ला नागपूरला आले, पुढच्या वर्षी शाळा काढली. मग विदर्भात ठिकठिकाणी मिशन आले, बंगला, शाळा, दवाखाना, सगळं एका कंपाउंडात. काम मोठं झालं, ते कोणी नाकारू नये, पण सुवार्ता सांगणारा पगारी माणूस ही सवय मला वाटते तिथूनच लागली. कवी ना. वा. टिळकांचं बघा, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार हातात दिला, म्हणजे गोष्ट सुरू झाली ती डब्यातल्या बाकावर, बाप्तिस्मा नंतर १८९५ ला. अन याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेले-न झालेले सगळ्यांना त्यात जागा.

आणखी एक कारण आहे, भीती. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ ला नागपुरातच छापला गेला, तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. मिशनऱ्यांवर त्यात कडक टीका होती. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे, पण १९७७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. आता एवढं सगळं गावात कोणाला माहीत असते, लोकं नुसते म्हणतात नको बाप्पा, लफडं होईल, पाळक सरांनाच सांगू द्या.

मावशींनी यातलं काहीच ऐकलेलं नाही. त्या बाईनं विचारलं, यायनं सांगितलं, अन संध्याकाळी दोघींचा कापूस सोबतच काट्यावर मोजला गेला.